रिकाम्या खणाची साक्ष

मित्रांनो, मी गोळ्यांची एक जुनी डबी आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, चहाच्या डब्याला टेकून माझी जागा. मला सात खण आहेत आणि प्रत्येक खणाला आपापले झाकण. झाकणांवर वारांची नावे आणि एकेक उगवता सूर्य छापलेला आहे. रोजच्या हाताळणीने अक्षरे फिकी झाली, सूर्यांची किरणे गेली. बुधवारचे झाकण तर दोऱ्याने बांधलेले आहे. ते कसे मोडले, तीच माझी गोष्ट.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. तिथून मी एका मेडिकलच्या काउंटरवर आले आणि वजनकाट्याशेजारी बराच काळ धूळ खात पडले. लोक मला उचलत, झाकणे टकटक वाजवून बघत आणि परत ठेवून देत. "हॅ, चार गोळ्या लक्षात ठेवायला डबी कशाला लागते?" असे म्हणणारेच घरी जाऊन "काल मी गोळी घेतली होती का गं?" असे बायकोला विचारत असणार, याची मला खात्री आहे.

शेवटी मला घेतले ते एका बसड्रायव्हरच्या बायकोने. त्यांना मी काकू म्हणते. काकू लॉन्ड्रीत इस्त्री करायच्या. त्यांच्या हाताला शिस्त होती. घरी आल्याबरोबर त्यांनी मला धुतले, पुसले, उन्हात वाळवले आणि मग गोळ्या भरायला बसल्या. एक पांढरी, रक्तदाबाची. एक गुलाबी, हृदयाची धडधड आवरणारी. आणि एक चिमुकली पिवळी, लघवीची गोळी. दमलेल्या हृदयाच्या माणसाच्या अंगात पाणी साठत जाते. ही गोळी ते बाहेर काढते आणि हृदयावरचा भार हलका करते. तिघींमध्ये ती सर्वांत लहान, पण घरभर धावपळ करायला लावणारी तीच!

गोळ्या काकांच्या होत्या. डेपोत काकांना सगळे 'घड्याळ' म्हणत. त्यांची सकाळची पहिली बस कधी मिनिटभर उशिरा सुटली नाही, याचा त्यांना फार अभिमान. माझा पहिला दिवस उजाडला तेव्हा काकू त्यांना म्हणाल्या, "अहो, आता मी रोज विचारणार नाही. खण रिकामा दिसला की समजेन, घेतली."

"बरं झालं," काका म्हणाले, "एक कंडक्टर गाडीत आहे, दुसरा घरात नको."

काकू हसल्या. मीही मनातल्या मनात फुगले. म्हणजे आता घरात माझ्या शब्दाला किंमत होती.

पहिले काही आठवडे सगळे सुरळीत चालले. मग एका सकाळी काकांनी तिन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या, दोन तोंडात टाकल्या आणि पिवळी मुठीत ठेवली. काकूंची पाठ वळली तशी त्यांनी ती चष्म्याच्या घरात टाकली. खिशात ठेवून चालणार नव्हते. धुण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायची काकूंची सवय त्यांना ठाऊक होती. झाकण मात्र त्यांनी सताड उघडे ठेवले. काकूंनी रिकामा खण पाहिला आणि समाधानाने झाकण लावले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मला बोलता आले असते तर मी सातही झाकणे आपटली असती! मी रिकामी होते हे खरे, पण काका ज्या अर्थाने मला दाखवत होते तो अर्थ खोटा होता.

काकांची सुट्टी बुधवारी असे. काकू कामावर गेल्या की ते चष्म्याचे घर उघडत आणि साठलेल्या पिवळ्या गोळ्या बुधवारच्या गोळ्यांबरोबर एकदम गिळत. "रोज थोडं टाका नाहीतर सुट्टीला टाकी फुल्ल करा," ते स्वतःशीच पुटपुटत, "डिझेल तेवढंच."

मित्रांनो, माणसाचे शरीर म्हणजे बस नव्हे. आठवडाभर काकांच्या अंगात पाणी साठे. पावले सुजत, बूट घट्ट होत. "हल्लीचे बूट धड नाहीत," म्हणून ते चांभाराच्या नावाने खडे फोडत. केबिनची पायरी चढताना धाप लागे, तेव्हा दोष पायरीला. आणि बुधवारी एकदम इतके पाणी निघून जाई की तोंडाला कोरड पडे, डोळ्यांपुढे काजवे चमकत. काकू संध्याकाळी विचारत, "असे का दिसताय?" काका म्हणत, "सुट्टीचा माणूस असाच दिसतो."

एका बुधवारी काकूंनाही सुट्टी होती. त्या पडदे काढून धुवायला बसल्या होत्या. काकांनी गुपचूप आपली भरपाई आटोपली आणि खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले. दुपारी ते पाणी प्यायला उठले, ओट्यापर्यंत आले आणि झाड कोसळावे तसे कोसळले. आधाराला हात टाकला तो माझ्यावर. मी फरशीवर आपटले आणि बुधवारचे झाकण बिजागरीतून निखळले.

काकूंनी त्यांच्या तोंडावर पाणी मारले, टॅक्सी बोलावली. निघताना त्यांनी मला आणि माझे तुटके झाकण पिशवीत टाकले. डॉक्टर विचारतील, तर पुरावा हवा ना!

दवाखान्यात काका खाटेवर शुद्धीवर आले होते, पण चेहरा पांढराफटक. डॉक्टरबाईंनी रक्तदाब मोजला, पावले दाबून पाहिली. बोट रुतले तिथे खळगा पडला. त्या कोड्यात पडल्या.

"पावलांवर सूज म्हणजे गोळ्या पुरत नाहीत. पण दाब तर पार खाली गेलाय. गोळ्या नेमाने चालू आहेत ना?"

"अगदी नेमाने," काकू म्हणाल्या आणि मला टेबलावर ठेवले. "ही बघा डबी. एकही दिवस चुकलेला नाही. मी रोज खण बघते."

डॉक्टरबाईंनी मला उलटसुलट करून पाहिले. "नेमाने घेऊनही असं होत असेल, तर सगळ्याच गोळ्या बदलाव्या लागतील. किंवा," त्या जरा थांबल्या, "भरताना काही गफलत होत नाही ना? पांढरी आणि गुलाबी, दोन्ही आकाराला सारख्याच दिसतात."

काकूंचा चेहरा पडला. त्यांनी मला हातात घेतले, एकेक झाकण उघडून आत पाहू लागल्या. "माझंच चुकलं असेल हो," त्या हळूच म्हणाल्या. "हल्ली मला बारीक अक्षर नीट दिसत नाही. मीच काहीतरी भलतंच भरलं असेन. माझ्याच हातानं..." इस्त्रीची घडी कधी न चुकलेले ते हात तीच झाकणे पुन्हा पुन्हा उघडत होते. मला इतके वाईट आयुष्यात कधी वाटले नव्हते.

काकांनी डोळे मिटून घेतले. गप्प बसले असते तर निभावले असते. पण मग त्यांनी काकूंकडे पाहिले आणि राहवले नाही.

"तिचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "ती बरोबर भरते. मी घेत नाही."

मग सगळे बाहेर आले. पिवळी गोळी घेतली की तासाभरात घाई होते. त्यांच्या मार्गावर लांबलचक पूल, पुढे नुसती गोदामे. शेवटच्या थांब्यापर्यंत कुठे सोय नाही. एके सकाळी त्यांना भरलेली बस मध्येच उभी करून गोदामामागे धावावे लागले होते. परत आले तेव्हा गाडी हसत होती. कोणीतरी मागून ओरडलेही, "ड्रायव्हर पळाला!" वर बस उशिरा पोहोचली ती वेगळीच.

"इतक्या वर्षांत गाडी कधी लेट नाही केली," काका म्हणाले. "त्या दिवसापासून ड्युटीवर ती गोळी नकोच म्हटलं. चष्म्याच्या घरात साठवून सुट्टीच्या दिवशी सगळ्या एकदम घ्यायचो. भरपाई म्हणून."

"मला सांगायला काय झालं होतं?" काकू म्हणाल्या.

"काय सांगू? बस सोडून पळालो म्हणून?"

काकू रडत होत्या आणि त्याच वेळी त्यांना हसूही येत होते. "खिसे तपासत राहिले मी," त्या म्हणाल्या, "तुम्ही भलतेच पोचलेले निघालात."

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. "आज बुधवार होता म्हणून घरात पडलात. हीच चक्कर उद्या पुलावर आली असती तर?"

त्या पुलावरून काका रोज भरलेली बस नेत.

"राहिलेल्या गोळ्यांची भरपाई अशी मनाने करायची नसते," डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या. "आणि ड्युटी सुटते कधी?"

"दुपारी."

"मग ही पिवळी दुपारी घरी आल्यावर घ्या. तुमची ड्युटी मला आधी कळली असती, तर पहिल्याच दिवशी तसं सांगितलं असतं. सकाळीच घ्यायची असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवले. "तिच्यावर सूर्य आहे ना."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या छापील सूर्यांचा मला केवढा तोरा होता! तो तिथेच उतरला.

काकांना काही दिवस दवाखान्यात राहावे लागले, नंतर घरी विश्रांती. सूज उतरली, बूट पुन्हा सैल झाले आणि चांभाराची बदनामी थांबली. डॉक्टरबाईंनी तपासून होकार दिल्यावरच ते पुन्हा गाडीवर गेले. काकूंनी माझे झाकण दोऱ्याने बांधले. नवी डबी आणू म्हणाल्या होत्या, पण काका नको म्हणाले. "या डबीचं मी काही ऐकलं नाही, निदान तिला घरात तरी ठेवू," असे म्हणाले. आता पांढरी आणि गुलाबी सकाळी जातात. पिवळी माझ्यात बसून दुपारची वाट बघते.

मागच्या आठवड्यात डेपोत कसलीशी बैठक होती. काका उशिरा, दिवेलागणीला घरी आले. माझे झाकण उघडले तर पिवळी आतच. त्यांनी ती उचलली, क्षणभर चष्म्याच्या घराकडे पाहिले. माझा श्वास अडकला, म्हणजे असता तर अडकला असता.

त्यांनी गोळी परत खणात ठेवली.

"अगं," त्यांनी हाक मारली, "आजची पिवळी राहिली गं. आता घेतली तर रात्रभर जागरण. डॉक्टरबाईंना फोन करून विचारतो."

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाच्या ना कोणाच्या गोळ्या असतील. त्यांचा खण रिकामा आहे का, एवढेच बघू नका. गोळी घेऊन त्यांना काय त्रास होतो, कुठे अडचण येते, हेही जवळ बसून विचारा. आणि कधी खण भरलेला दिसला तर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो तुम्हाला रिकामा दिसेल.

काकूंनी येऊन माझ्यात डोकावून पाहिले. आत पिवळी गोळी होती. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या, आणि भरल्या खणावर त्यांनी हलकेच झाकण लावले.