मावशीचे गाणे आणि माझी चार चाके

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. मी सांगते ते साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. त्या वर्षी मी पहिल्यांदा आणि शेवटचेच चित्रीकरणाला गेले.

पण आधी माझ्या जन्माचे सांगते. वेत विणणाऱ्या एका आजोबांनी मला घडवले. "मूल लाथा झाडणारच, हिनं सोसायला हवं," असे म्हणत त्यांनी माझी पाठ दुहेरी विणली. खाली लोखंडी सांगाडा, चार रबरी चाके आणि डोक्यावर मेणकापडाची टोपी. मी घरी आले तेव्हा शेजारणी आधी मला बघून गेल्या, बाळाला नंतर!

माझ्यात आधी ताई वाढली, मग तिचा धाकटा भाऊ. तो असा गुटगुटीत, की सगळे त्याला ढब्बूच म्हणत. त्यांची आई नोकरीवर जाई, तेव्हा मावशी दोघांना सांभाळी. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. "नंबर सांगा," हे तिचे दोन शब्द सारे गाव ओळखे, पण तो आवाज कुणाचा हे फारसे कुणाला ठाऊक नव्हते. पाळी संपवून ती यायची, मला पायाने मागेपुढे ढकलायची आणि स्वतःच रचलेले एक गाणे म्हणायची. बाळ झोपायचे, कधीकधी मावशीही झोपायची, आणि जागी राहायचे ते मी एकटीच.

मुले मोठी झाली. माझ्यात धुण्याचे कपडे आले, मग रद्दी, मग पिल्लांसकट एक मांजर. शेवटी माझी रवानगी जिन्याखाली झाली. दुर्लक्ष काही एका दिवसात होत नाही, मित्रांनो. आधी पुसायचे राहून जाते, मग बघायचे राहून जाते.

आणि त्या वर्षी मावशीच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर बोलता येईल, पण गाता येईलच असे नाही, असे डॉक्टर म्हणाले. तोवर घशाला ताण द्यायचा नव्हता. ताईने मनाशी ठरवले की त्याआधी मावशीच्या गाण्याचा व्हिडिओ करायचाच. ते गाणे काही महिन्यांपूर्वी सहज म्हणून टेप केलेले होते. ते लावायचे आणि मावशीने नुसते ओठ हलवायचे.

खिशात खडखडाट. कॅमेरा ढब्बूच्या फोटोग्राफर मित्राकडून मागून आणलेला. तोही एका रविवारपुरता, कारण संध्याकाळी मित्राला तो लग्नात हवा होता. पुठ्ठ्यावर चांदीचा कागद चिकटवून उजेड फिरवायची सोय झाली. राहिला प्रश्न एक. मावशी चालत येणार, तर कॅमेऱ्याने तिच्यापुढे अलगद मागे सरकायला हवे. ते कसे जमायचे?

"जिन्याखालची ती म्हातारी आहे की!" बाबा म्हणाले.

म्हातारी म्हणजे मी. राग आला, पण बाहेर निघायच्या आनंदात मी तो गिळला.

घराजवळच्या एका गोदामामागे सिमेंटची गुळगुळीत वाट होती. ढब्बू गुडघे पोटाशी घेऊन, खांद्यावर कॅमेरा ठेवून माझ्यात बसला. माझी हाडे कडकडली. बाबा मला ओढायला लागले, ताईने पुठ्ठा धरला आणि कडेला टेपरेकॉर्डर गाऊ लागला.

"मेव्हणीबाई, जरा हसा. नंबर नाही लागला असा चेहरा करू नका," बाबांनी चिडवले.

"तुम्ही गाडी ओढा भावजी. बैलानं बोलायचं नसतं," मावशीने परतफेड केली.

सकाळ अशी मजेत गेली. दुपारी मावशी ओठ हलवता हलवता एकदम थांबली. टेपमधले तिचे गाणे जड, घोगरे, रेंगाळलेले येत होते. तिने गळ्याला हात लावला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा माझा आवाज? गेला की गं माझा आवाज!"

"अगं मावशी, टेपचा घसा बसलाय, तुझा नाही!" ताई धावत आली. "ढब्बू, सेल नवे घातलेस ना?"

ढब्बू माझ्यात आणखी खाली सरकला. "टॉर्चमधले जुनेच घातले. दोन दिवस उन्हात ठेवले होते. उन्हात ठेवले की भरतात ना?"

"सेल आहेत ते, ओले मोजे नव्हेत!" बाबा ओरडले.

खरे संकट पुढे होते. सेल हळूहळू उतरत गेले होते, म्हणून गाणे संथ होत गेलेले कुणाच्या लक्षात आले नाही. मावशीने सकाळपासून त्या संथ गाण्यावरच ओठ हलवले होते. खऱ्या गाण्याशी ते जुळणार नव्हते. सगळे चित्रीकरण वाया गेले होते. दुकाने बंद, आणि कॅमेरा न्यायला मित्र निघालेला. ताई पुठ्ठा टाकून मटकन खाली बसली.

मावशीने पदर खोचला. "टेप बंद करा. मी गाते."

"नाही हं! डॉक्टरांनी काय सांगितलंय?" ताई म्हणाली.

"डॉक्टरांचं काय ते मंगळवारी, ऑपरेशनच्या वेळी. आज आवाज माझा आहे. एकदाच गाईन. ढब्बू, हलू नकोस रे."

बाबा घाईघाईने माझ्या चाकाला डोक्याचे तेल लावू लागले, कारण मी कुरकुरत होते. मावशीने त्यांचा हात धरला. "राहू द्या. ही अशीच कुरकुरायची, तिच्या तालावरच तर गाणं बांधलं मी."

मित्रांनो, माझ्या कुरकुरीला कुणी ताल म्हणेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

आणि मावशी गायली. मी तिच्यापुढून मागे मागे सरकत होते. ढब्बूचे डोळे वाहत होते, पण कॅमेरा हलत नव्हता. अर्ध्या वाटेवर माझ्या पाठीचा एक वेत कट्कन तुटला, मग दुसरा. आजोबांनी दुहेरी विणलेल्या त्या पाठीने मी शेवटच्या ओळीपर्यंत ढब्बूला कसेबसे तोलून धरले. ओळ संपली, माझे एक चाक निखळले आणि ढब्बू कॅमेरा उंच धरून बदकन खाली आला! मावशी अशी खळखळून हसली, की हसता हसता तिने भिंत धरली. कॅमेरा चालूच होता. तिचे ते हसणे गाण्याच्या शेवटी तसेच राहिले.

शस्त्रक्रिया नीट झाली. मावशी बोलू लागली, पण कुजबुजल्यासारखी. गाणे गेले ते गेलेच. केबलवाल्याने तो व्हिडिओ दुपारच्या सिनेमाआधी दाखवला, आणि मग रस्त्यात अनोळखी माणसे तिला थांबवू लागली. "अहो, 'नंबर सांगा' म्हणायच्या त्या तुम्हीच ना?" इतकी वर्षे ज्या आवाजाला चेहरा नव्हता, त्याला तो त्या दिवसांत मिळाला. मावशी मान डोलवायची आणि हात जोडायची.

पुढे ताई शाळेत संगीत शिकवू लागली. ढब्बूने फोटोग्राफर मित्राशी भागीदारी केली, आणि आता त्याच्या पोटाला दोन बाबागाड्याही पुरणार नाहीत. बाबा शेवटपर्यंत मेव्हणीला चिडवत राहिले, आणि ती कुजबुजत उत्तर देत राहिली. बाबांच्या मागोमाग दोन वर्षांनी तीही गेली. मला ढब्बूने नवे चाक बसवून दिले. मी त्याच्या दुकानात असते, माझ्यात जुन्या कॅसेटी असतात.

मला रोज पुसा असे मी म्हणणार नाही, मित्रांनो. आठवड्यातून एकदा फडके फिरले तरी पुष्कळ. पण तुमच्या घरात कुणी काम करता करता गुणगुणत असेल, तर त्याचे गाणे पुरे होऊ द्या. मिक्सर तेवढा नंतर लावा.