सालीच्या तेलानं उघडलेला डोळा

मार्झामेमी या कोळ्यांच्या गावी धक्क्यावर होड्यांचा जुना रंग काढणं हे व्हेनेराचं काम. पूर्वीचं औषध दहा मिनिटांत रंग उकलायचं, पण डोकं गरगरायचं. एकदा तर ती होडीतच बेशुद्ध पडली. तेव्हापासून ती संत्र्याच्या सालीचं तेल वापरू लागली. रसाच्या कारखान्यात उरलेल्या साली, त्यांचंच ते तेल. मात्र काम सावकाश चाले.

सिरिनोकाकांनी आपली म्हातारी होडी आणली. "सगळं खरवड, पोरी. विकायचीय."

तिनं तेल फासलं, वर प्लास्टिक पांघरलं. काकांनी सिगारेट काढली.

"अहं! पेट घेतं हे. सालीचं म्हणून गरीब समजू नका."

"आणि हातमोजे? संत्र्याला घाबरतेस?"

"डबा जुना झाला की कातडीला चावतं."

"म्हणजे माझ्यासारखंच!"

ऊन चढलं. वास इतका दाटला, की समुद्रच एखाद्या बागेत येऊन निजलाय असं वाटावं. दोघं जाळ्यांवर पेंगली. जागी झाली तेव्हा रंग लोण्यासारखा मऊ झाला होता. पहिल्या दिवशी निळा सुटला, दुसऱ्या दिवशी हिरवा. खालच्या थराला धक्का न लावता तेल एकेक पदर सोडवत होतं. तिसऱ्या दिवशी पांढऱ्याखालून, नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, एक रंगवलेला डोळा उघडला. काळी बाहुली, लाल पापणी, जरासा तिरपा.

"थांब," काका म्हणाले आणि जाळ्यावर बसले. "नुन्झिओनं काढलाय. धाकटा भाऊ माझा. इंजिनावरून भांडलो, न् दुसऱ्याच दिवशी मी यावर रंग फासला."

"किती वर्षं झाली?"

"एकतीस. दोन गल्ल्या सोडून राहतो."

व्हेनेरानं ओल्या फडक्यानं डोळा हलकेच पुसला, हातमोजे काढले आणि गल्लीकडे चालू लागली.

नुन्झिओ सपाता फटफटवत आला. बराच वेळ नाळेपाशी उभा राहिला.

"तिरपा काढलायस," सिरिनोकाका जमिनीकडे बघत म्हणाले.

"तू होडी हलवत होतास, गाढवा!"

मग नुन्झिओ भावाशेजारी जाळ्यावर टेकला.

नाळेच्या पलीकडच्या बाजूचा डोळा उघडायला आणखी तीन दिवस लागले. भाऊ रोज येत. बोलणं थोडं, डुलक्याच जास्त. होडी विकत घेणार असलेल्या गिऱ्हाइकाला नकार व्हेनेरानंच कळवला.