चोविसावा मिसकॉल

दीपमालाने चाचणीच्या यादीतून गेनबातात्यांचा नंबर खोडला, त्या जागी दहा शून्यं टाकली आणि एंटर दाबलं. लॅपटॉपवरची पिवळी खूण गरगरायला लागली. आता चाचणी कितीही वेळा होवो, कुणाचा मोबाईल वाजणार नव्हता. हे शहाणपण पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं, पण उजेड पडायला आठवडा गेला. तात्यांना संध्याकाळी घरी गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं.

शिवऱ्यात हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानावर संस्थेची एक खोली होती. संस्थेचं काम एकच. धरणाचं दार उचललं की नदीकाठच्या अडीचशे मोबाईलवर मेसेज जायचा : 'पाणी सोडले आहे. नदीपात्रातून त्वरित बाहेर या.' भोंगा होता, पण वारा फिरला की तो खालच्या वस्त्यांना ऐकू येत नसे.

आजवर प्रोग्रॅममध्ये काही बदललं की दीपमाला ते हातानेच सर्व्हरवर चढवायची, आणि चारातून एकदा काहीतरी मोडायचंच. म्हणून तिने हे नवं, हलकं साधन बसवायला घेतलं होतं. बदल पाठवला की ते एक कोरा कंटेनर, म्हणजे सर्व्हरवरची तात्पुरती रिकामी जागा, उघडायचं, त्यात सगळं पहिल्यापासून मांडायचं, चाचण्या घ्यायचं. पास झालं तर सर्व्हरवर चढवायचं आणि कंटेनर टाकून द्यायचं. पत्रावळीसारखं. जेवण झालं की उचलली, खरकटं मागे राहत नाही.

ऐकायला सोपं, पण साधनाला हा क्रम सांगणारी पायऱ्यांची फाईल काही जमेना. कधी ओळ एक घर पुढे सरकलेली असायची, कधी पासवर्डच सापडायचा नाही. आणि मेसेज खरोखर पोचतो का हे बघायचं, तर खरा मेसेज खऱ्या नंबरवर जायला हवा. तिने चुलत्यांचा नंबर टाकला. तात्या शब्दाचे पक्के. मेसेज आला की एक मिसकॉल द्यायचे. मिसकॉल म्हणजे पोचलं.

पहिल्या दिवशी मात्र मेसेज वाजल्याबरोबर तात्या चिखलातून धावले, नदीतली पाणी उपसायची मोटार एकट्याने ओढून काठावर आणली आणि कंबर धरून बसले.

"तात्या, ती चाचणी होती."

"मंग आदी सांगायचं न्हाईस व्हय?"

"आता मेसेज आला की हलू नका. नुसता मिसकॉल द्या."

"बरं. झालीस का पास?"

"नाही अजून."

"व्हशील की. कर परत."

तिने तेवीस वेळा केलं. तेवीस मिसकॉल आले.

आज पायऱ्या एकेक करून हिरव्या होत गेल्या. शेवटचीही झाली. नवा प्रोग्रॅम आपला आपण सर्व्हरवर चढला. दीपमालाला इतका आनंद झाला, की खोलीत दुसरं कुणी नसताना ती मोठ्याने हसली. थर्मासमधला चहा तिने कपात ओतला.

टेबलावरचा मोबाईल एकदा वाजून थांबला. तात्यांचा मिसकॉल.

पोचला बाई, मनात म्हणत तिने कप ओठांशी नेला. हात तिथेच थांबला. नंबर तर तिने खोडला होता.

तिने लॅपटॉपवर दुसरी खिडकी उघडली. अकरा बेचाळीसला धरणाकडून पाणी सोडल्याची सूचना आली होती. अडीचशे मेसेज गेले होते, अडीचशे पोचले होते, त्यात तात्यांचाही. एकही चुकला नव्हता. हलू नका, हे तिनेच सांगितलं होतं. कंटेनर दर वेळी मागचं विसरायचा. तात्या काही विसरणारे नव्हते.

फोन मंगलकाकींनी उचलला.

"काकी, तात्या कुठं आहेत?"

"नदीत उतरल्यात. मोटारीच्या जाळीला गाळ बसलाय. मोबाईल भिजंल म्हून माज्याकडं दिलाय."

"मेसेज बघितला का त्यांनी?"

"वाजला तशी म्या काठावरनं हाक दिली. तर म्हनले, पोरीचा आसंल, मिसकॉल देऊन टाक." काकींचा आवाज हसरा होता. "मंग? झालीस का पास?"

"काकी, त्यांना वर बोलवा. आत्ता. ही चाचणी नाही."

पलीकडे मोबाईल खाली पडल्याचा आवाज आला, आणि काकींची हाक. मग दुसरी, जरा लांबून. दीपमाला मोबाईल कानाला घट्ट लावून उभी राहिली. चौथ्या हाकेला काकींचा आवाज फाटला.

त्यानंतर मोबाईलमधून नुसतं पाणी ऐकू येत राहिलं.