पन्नासवर अडलेला काटा

"हे आधी कुणीतरी उघडलंय," शाझली म्हणाला. "रबराच्या कडेला सुरी लागलीय बघ. जाणता माणूस रबर गरम पाण्यात मऊ करून काढतो. हा कुणीतरी घाईवर आलेला होता."

औदाने बघितले नाही. मामाच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसला होता.

"मला काय कळतंय त्यातलं, मामा."

"पाण्यात रोज तू उतरणार आणि कळायचं मात्र मला."

शाझलीने गेज खिडकीकडे धरले. पाणबुड्याच्या सिलिंडरात हवा किती उरली ते सांगणारे तळहाताएवढे यंत्र. आतून खार धरून काच धुरकटली होती. चार दिवसांपूर्वी हेच गेज औदाच्या छातीशी लटकत होते. अठरा मीटर खाली काटा पन्नासचा आकडा दाखवत असताना त्याची हवा संपली. जोडीदाराने आपली नळी त्याच्या तोंडात दिली, म्हणून बहिणीचा हा एकुलता एक पोरगा आज समोर दिसत होता. आणि ही गोष्ट शाझलीला औदाने सांगितली नव्हती. ती बहिणीकडून कळली. मामाला सांगायला याची जीभ का जड झाली, हा प्रश्न शाझलीच्या डोक्यातून जाता जात नव्हता.

तांबड्या समुद्रावरच्या कुसैरच्या किनाऱ्यावर डायव्हिंगचे सामान दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षे गेली होती, तीही याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर. स्वतः ताणून पाहिल्याशिवाय रबराच्या एका कडीवरही त्याने कधी विश्वास ठेवला नाही. त्याच्या धंद्याला हे शोभत होते. पण पुढे पुढे तो वाण्याच्या साखरेवर संशय घेऊ लागला, मग शेजारणीच्या शेळीवर, आणि त्याची बायको सिकीना म्हणायची की आता फक्त मी उरलेय.

सिकीना निखाऱ्यावर जबनाचे, म्हणजे आल्याच्या कॉफीचे, मातीचे भांडे ठेवून बसली होती. भाजलेल्या कॉफीचा आणि आल्याचा वास घरभर पसरला होता.

"याच्या तोंडाशी गाळणीचा काथ्या अडकलाय," ती म्हणाली. "थेंब थेंब पडतंय. तुमचा तो खिळा द्या जरा."

"त्याला हात लावायचा नाही."

"कॉफीच लागेल त्याला. विटाळ नाही व्हायचा."

पोलादी, टोकदार असा तो खिळा त्याने आयुष्यभर एकाच कामाला वापरला होता. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या आत तो दोन रेघा आणि एक ठिपका कोरायचा. आजोबांच्या उंटांच्या मानेवर हीच खूण डागलेली असे. उंट कधीच विकले गेले, पण वाळवंटात भरकटलेला उंट कुणाचा हे जसे खुणेवरून कळे, तसे हे काम कुणाच्या हातचे तेही कळावे, असे त्याला वाटे.

"सिलिंडर भरायला नवा कॉम्प्रेसरवाला आलाय ना तुमच्या मालकाकडे?" त्याने सहज विचारल्यासारखे विचारले. "तो फिक्री. नाईलकाठचा, केनाचा."

"चांगला आहे तो."

"मी कुठं वाईट म्हणतोय? सिलिंडर अर्धे भरायचे, काटे पुढे सरकवून ठेवायचे. डायव्हिंगला आलेले पाहुणे खूश, मशीनला आराम."

"त्याचं काही नाही यात, मामा."

"एवढी खात्री?"

औदा पुन्हा अंगठ्याने फरशी उकरू लागला. भाचा कुणालातरी पाठीशी घालतोय हे आता शाझलीला स्वच्छ दिसले. कुणाला, एवढेच कळायचे होते.

"मालक हे हुरघाड्याच्या वर्कशॉपला पाठवणार होते," औदा जरा वेळाने म्हणाला. "मीच म्हटलं, मामांकडे नेतो."

"का? तिथले लोक उघडून काय बघतील याची भीती होती तुला?"

औदाने मान खाली घातली आणि सिकीनाने ओतलेल्या कॉफीचा दुसरा पेला संपवला.

शाझलीने कोपऱ्यातला स्वतःचा सिलिंडर ओढला, नळी जोडली, काच फुटली तर तोंडावर नको म्हणून सवयीने ती भिंतीकडे फिरवली आणि तोटी उघडली. मग गेज वळवून पाहिले. काटा एकशे नव्वदवर. हवा हळूहळू सोडू लागला. शंभर. सत्तर. पन्नास. तिथे काटा थांबला. फुसफूस चालूच होती. मग तीही थांबली. सिलिंडर रिकामा झाला तरी काटा पन्नासवरच होता. शाझलीने नखाने टिचकी मारली, तेव्हा तो शून्यावर पडला.

"कशालातरी अडतोय," तो पुटपुटला. वळून पाहतो तर औदाने पेला पालथा घातला होता.

या घरात एकदा पहिला पेला घेतला की तिसरा घेतल्यावाचून कुणी उठत नसे. दोनावर पेला पालथा घालणारा माणूस मनात काहीतरी ठेवून निघालेला असे. सिकीनाचा हात थबकला.

"दोनावर?" शाझली म्हणाला.

"काम आहे, मामा."

"वाऱ्यामुळे आज एक बोट निघालेली नाही. कसलं काम? बस खाली. तुझ्यासमोर उघडतो. ज्याला तू झाकतोयस त्याचं तोंड मला बघू दे."

त्याने गेज गरम पाण्यात धरले, रबर सोलले, काच फिरवून काढली आणि तबकडीवर भिंग धरले. रबराखाली झाकली जाणारी कडा आता उघडी पडली होती. पन्नासच्या आकड्यापाशी पत्र्यावर ओरखडा होता. त्याची एक कड वर उठली होती, कुसळासारखी. काटा वर जाताना तिच्यावरून सरकत होता, उतरताना तिच्यात अडकत होता.

ओरखडे दोन होते. शेजारी एक ठिपका.

शाझलीने भिंग पुसून पुन्हा धरले.

"हे आलं त्या दिवशी गॅस संपला होता, कोळसाही नव्हता," सिकीना हलकेच म्हणाली. "हिवाळ्यात. पाणी तापवता आलं नाही म्हणून तुम्ही सुरी मागितली होती."

ही नवी गेजे मागून बंद येत. खूण करायला आत जागा नव्हती, म्हणून त्याने ती तबकडीच्या कडेला केली होती. आजोबांच्या खुणेने बहिणीचा पोरगा बुडत होता. लाजेने शाझलीचे कान तापले.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"बोटीवर उन्हात रबर सरकवून बघितलं, तेव्हा दिसलं."

"आणि बोलला नाहीस."

"काय बोलू, मामा? माझ्या आईच्या पेटीवर हीच खूण आहे." औदाने टेबलाकडे बोट केले. "कानशीचे दोन हात मारा. गुळगुळीत होईल. कुणाला कळायचं नाही."

कानस हाताशीच होती. शाझलीने ती बाजूला सारली. खूण होती तशीच ठेवून त्याने गेज रुमालात बांधले.

"अशी बंद गेजे मी सात केली," तो म्हणाला. "हे धरून. उद्या वारा पडेल आणि सगळे पाण्यात उतरतील. आज सहाही गोळा करायची. मी येतो तुझ्याबरोबर. मालकाला मीच दाखवतो, आणि फिक्रीलाही."

"त्याला कशाला?"

"मी त्याला चोर ठरवलं होतं."

शाझलीने टेबलावरचा खिळा उचलला, सदऱ्याला पुसला आणि सिकीनापुढे धरला.

"घे. काथ्या काढ."

तिने आधी त्याच्याकडे पाहिले, मग खिळा घेतला आणि भांड्याच्या तोंडात फिरवला. शाझलीने औदाचा पालथा पेला सरळ केला. कॉफीची धार नीट पडू लागली, आणि तिसरा पेला भरेपर्यंत त्याने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.