झिपरू मिस्त्रीचा अंगठा

विसरवाडीच्या झिपरू मिस्त्रीने चाळीस वर्षं लाकूड घासलं, आणि लाकडासोबत स्वतःची बोटंही. पॉलिशपेपर ठोकळ्याला गुंडाळून घासायची इतर सुतारांची रीत त्याला बिलकूल मान्य नव्हती. ठोकळ्याला काय कळतं? तो कागद बोटांखाली धरायचा आणि घडीघडी उघड्या अंगठ्याने फळी चाचपायचा. त्याने घडवलेल्या दारावरून माशी घसरते, असं लोक म्हणत. एकदा खरंच घसरली, तेव्हा आनंदाच्या भरात तो दोन घास जास्त जेवला.

आता रेशनकार्डावर नाव टिकवायला मशीनवर ठसा द्यायचा होता. त्याच्या बायकोला, बेबीबाईला, मशीनने पटकन ओळखलं. झिपरूच्या दहाही बोटांना मात्र ते ओळख दाखवेना.

"मिस्त्री, तुन्हा बोटस्वर रेघाच नही ऱ्हायन्या," रेशनवाला नवनीतभाऊ म्हणाला. "पंधरा दिन काम बंद ठेव, परत येतीन. एकतीस तारीख शेवटली शे, मंग नाव कटी जाई."

बेबीबाईने कंबर कसली. घरातले सगळे पॉलिशपेपर तिने कोठीत कोंडले, वर कुलूप ठोकलं. रोज खोबरेल चोळून ती त्याची बोटं उन्हात धरून पाही. नवव्या दिवशी पहिली रेघ उमटली, तेव्हा तिने गल्लीत गूळ वाटला. झिपरूचे मात्र हाल होते. उंबरा खडबडीत, खाटेचा पाय खडबडीत, पोळपाट तर बघवत नव्हता. बिचारा डोळे मिटून जेवायचा.

एकतीस तारखेला अंगठ्यावर सागाच्या फळीसारख्या सुरेख रेघा होत्या. बेबीबाईने तो रुमालात बांधून दुकानात आणला, नवऱ्याला रांगेत उभं केलं आणि स्वतः ओट्यावर टेकली. पुढे आठ माणसं होती. तेवढ्यात नवनीतभाऊच्या लाकडी काउंटरचं कुसळ झिपरूच्या कोपराला टोचलं.

बेबीबाईने सगळं घर धुंडाळलं होतं, फक्त त्याची टोपी सोडून. झिपरूने टोपीच्या घडीतून ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरचा तुकडा काढला, रुमाल सोडला. एवढाच कोपरा, असं त्याने स्वतःला बजावलं. हात जो सरकला तो पार तराजूपर्यंत. रांगेतली माणसं त्याला अडवायचं सोडून "आठे बी थोडं" म्हणत जागा दाखवत होती.

त्याचा नंबर आला. त्याने अंगठा टेकवला. लाल दिवा लागला. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल.

नवनीतभाऊने काउंटरवरून तळहात फिरवला, मग गालही टेकवून पाहिला. "वा मिस्त्री! असं काम जिल्हाम कोनी करत नही," तो म्हणाला. "पन नाव गयं."

बेबीबाई धावत आली. "यानं काम तुले दिसस, मंग हाऊ मानूस कसा दिसत नही?"

"माले दिसस, वहिनी. मशीनले दिसत नही."

झिपरूला रडूच कोसळलं. त्याने हाताने डोळे पुसले. दोन दिवसांची दाढी होती, गाल खडबडीत लागला, आणि त्याचा हात आपसूक टोपीकडे गेला.