तुंगाक्काच्या आवाजाची बेल

यशवंतपूरला रघुपतीचं दारावरच्या बेल बनवण्याचं वर्कशॉप होतं. पत्र्याची शेड, जोडणीला सात बायका आणि त्यांच्यावर देखरेख करायला त्याची थोरली बहीण तुंगाबाई. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं. घरचे, कामावरचे, सगळे तिला तुंगाक्का म्हणत. त्यांची 'टिंगटाँग' बेल वीस वर्षं खपली. मग बाजारात गाणी वाजवणाऱ्या परदेशी बेल आल्या आणि दुकानदार रघुपतीला नुसता चहा पाजून परत पाठवू लागले.

त्याच सुमाराला त्याची अजितशी गाठ पडली. अजित पुण्याचा इंजिनिअर. नोकरी सोडून जे. पी. नगरात घरीच सर्किटं बनवायचा. त्याने सुचवलं, आपण बोलणारी बेल काढू. सर्किट माझं, डबा आणि जोडणी तुमची. रघुपतीला यातलं निम्मंच कळलं, पण माणूस कळला. आठ महिने दोघं खपले. आवाज डब्यात घुमायचा, तेव्हा रघुपती साच्यात भोकं वाढवायचा आणि अजित स्पीकर बदलायचा. शेवटी जमलं. आता फक्त आवाज हवा होता. 'यारो बंदिद्दारे, नोडी', म्हणजे कोणीतरी आलंय, बघा, एवढंच कन्नडमध्ये म्हणायचं होतं. शेडमधल्या बायका एकमुखाने म्हणाल्या, तुंगाक्काच बोलू देत.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलात अजितच्या खोलीत रेकॉर्डिंग झालं. त्यानंतर सतराव्या दिवशी तुंगाक्का सकाळी देवाची फुलं काढता काढता अंगणात बसली, ती उठलीच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

सुतक फिटून रघुपती कामावर येईपर्यंत तिचा आवाज चिप बनवणाऱ्या परदेशी कारखान्याकडे गेला होता. एकदा कोरलेला आवाज पुसता येत नाही आणि पाच हजारांच्या खाली ते चिप बनवत नाहीत. श्रावणात खोकी आली. रघुपतीने पहिली बेल जोडून बटण दाबलं. तुंगाक्का म्हणाली, कोणीतरी आलंय, बघा. सातही बायकांचे हात थांबले. एक जण पदराने डोळे पुसत बाहेर गेली. रघुपतीने दिवसभर एकेक बेल तपासली. तपासल्याशिवाय माल बाहेर जात नसे.

बेल खपली, आणि चांगलीच खपली. मग त्याला ती गावभर ऐकू येऊ लागली. भाजी घेऊन गल्लीतून येताना एखाद्या अनोळखी दारामागून ती बोले आणि याचे पाय आपोआप थांबत. बॅटरी उतरलेली असली की आवाज जड, लांबट होई, वाक्य संपता संपेना. ते ऐकलं की रघुपती झपाझप पुढे निघून जायचा. बायकोने, अनुसूयेने, एकदा विचारलं, इतका त्रास करून घेताय तर बेल बंद का करत नाही? तो म्हणाला, सवय होईल.

दीड वर्ष गेलं. होसकोट्याचा व्यापारी प्रतापराव याने कळवलं, की बेलच्या वाक्यानंतर काहीतरी खटकतं, गिऱ्हाईक कुरकुर करतं. रघुपतीने कानाशी बेल धरून ऐकली. वाक्य संपल्यावर एक तुटका, अर्धा आवाज होता. 'र...' आणि पुढे काही नाही. इतके दिवस तो त्याला चिपची खरखर समजत होता.

तो तडक जे. पी. नगरला गेला. दुसऱ्या पाच हजारांची तयारी चाललीच होती. त्याने अजितला मूळ कॅसेट लावायला सांगितली.

"कशाला अण्णा? नव्या लॉटमध्ये एडिट करतो ना मी."

"स्वल्प, जरा ऐकू दे."

अजितने नाइलाजाने लावली. वाक्य आलं. मग श्वास. मग तुंगाक्काचाच दमलेला आवाज.

"रघू, पुरे का रे? दम लागतोय."

आणि लगेच, हसत, रघुपतीचा स्वतःचा आवाज. "अजून एकदा, अक्का. स्वल्प गोड म्हण."

पुढे आणखी पाच वेळा ते वाक्य होतं. दर वेळी आधीपेक्षा गोड.

रघुपतीला ती दुपार लख्ख आठवली. रस्त्यावरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना घोंगड्या टांगल्या होत्या, पंखा बंद होता, आणि तिच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. हे एक वाक्य तेवढं मनाने कुठे टाकलं होतं कोण जाणे.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"कापताना ऐकलं," अजित म्हणाला. "तेव्हा त्यांना जाऊन दोन दिवस झाले होते. पुन्हा ऐकवेना. घाईत पहिलंच वाक्य कापलं, म्हणून तो र राहिला."

"मला बोलला नाहीस."

"काय बोलणार होतो, अण्णा?"

रघुपतीने विचारलं, नुसता र काढता येईल का? अजित म्हणाला, येईल, पाच मिनिटांचं काम आहे. रघुपतीने मान हलवली. "नको. दुसरा आवाज घेऊ."

दुसऱ्या लॉटसाठी शाळेत शिकवणाऱ्या अलकाबाईंना बोलावलं. रघुपतीने पंखा लावून ठेवला. अजितने तो रेकॉर्डिंगपुरता बंद केला. अलकाबाई एकदाच बोलल्या आणि आवाज पडल्यासारखा वाटला म्हणून पुन्हा म्हणू का, असं विचारू लागल्या. रघुपती घाईने उठला, "सरी, ठीक आहे, झालं" म्हणाला आणि स्वतः जाऊन पंखा सुरू केला. अजितने मान वर करून पाहिलं.

नवी बेल स्वच्छ बोलायची. जुन्या बदलून देऊ, असं रघुपतीने सगळ्या दुकानदारांना कळवलं. जेमतेम तीनशे परत आल्या. उरलेल्या कुठल्या कुठल्या दारांवर होत्या, देव जाणे.

अनुसूयेला त्याने यातलं काही सांगितलं नाही. फक्त पुढे तिच्या लक्षात आलं, की आपला नवरा कोणाच्याही घरी गेला की बटणाला हात लावत नाही. दारापाशी क्षणभर उभा राहतो आणि बोटांच्या पेरांनी लाकडावर हलकेच टकटक करतो. आतून कोणी येईपर्यंत, करतच राहतो.