भामाबाईंचं पातेलं

महंमद तांबोळींच्या ओट्यावर दुकान मांडावं इतकी भांडी होती आणि त्यातली निम्मी त्यांची नव्हती. चोरीची म्हणावीत, तर ज्यांची होती त्यांनीच ती झाकण लावून, गरमागरम आणून दिली होती. परत करायची तेवढी राहिली होती.

कामशेतला इंद्रायणीच्या काठाने जी जुनी आळी आहे, तिथे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. भामाबाई गायकवाडांच्या वाटीतून खेकड्याचा रस्सा आला, तर त्याच वाटीतून तांबोळ्यांकडची शेवयांची खीर जायची. समोरच्या राजेश्वरीअम्मांच्या डब्यातून चिंचेचा भात आला, तर डबा मोहरमच्या खिचड्याने भरून परत. कोपऱ्यावरचे किराणावाले रतनशेठ दुसऱ्याच्या चुलीवरचं खात नसत. त्यांचं वाडगं परत देताना त्यात परसातले पेरू घालायचे आणि आळीने ती सूट फक्त त्यांच्यापुरती मान्य केली होती. विकत आणलेलं घालून द्यायचं नाही, हा दुसरा नियम. आणि आपलं भांडं मागायला जायचं नाही, हा तिसरा. भांडं मागणं म्हणजे त्यात घालून काहीतरी मागणं, असं आळीत समजलं जायचं.

या सगळ्या येण्याजाण्यात महंमदभाईंचा वाटा मोठा होता. ते चव सांगायचे. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून, रूळ बदलायचे खटके ओढण्यात जन्म काढलेला हा माणूस घरी आला, की गादीवर मांडी घालून बसायचा, पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "मीठ जरा कमी हाय." कितीही बरोबर असलं तरी कमीच. आत चाँदबी पातेल्याच्या काठावर डाव ठाणकन आपटायची. तेवढंच तिचं उत्तर. महंमदभाईंना मात्र आपल्याला स्वयंपाकातलं फार कळतं, असं प्रामाणिकपणे वाटायचं. ज्याने कधी चहासुद्धा उतू न घालवता केला नाही, त्याला असं वाटायला काही खर्च नव्हता.

गेल्या ईदनंतर थोड्याच दिवसांत चाँदबी गेली. मयतीच्या घरी तीन दिवस चूल पेटवत नाहीत. पाहुण्यांनी घर भरलेलं. भामाबाईंनी आपलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं आणि डाळभात करून पाठवला. त्या पातेल्यावर 'सखाराम गायकवाड' असं कोरलेलं होतं. सखाराम महंमदभाईंबरोबर रेल्वेत होता, तोही जाऊन बराच काळ झाला होता. पाहुणे जेवले, रडले, आपापल्या गावी गेले. पातेलं राहिलं.

मग एकट्या माणसाची दया येऊन भांडी येतच राहिली. वैशाख पौर्णिमेला भामाबाईंकडून खीर आली, दिवाळीला फराळ आला, राजेश्वरीअम्मांच्या इडल्या तर दर आठवड्याला. महंमदभाई खात, भांडं लख्ख घासत आणि ओट्यावर ठेवत. रिकामं द्यायचं नाही आणि भरायला काही येत नाही, मग करता काय? रतनशेठांचे वाडगे पेरूंवर सुटले. बाकीचे अडकले. पुण्याहून मुलगी सानिया फोनवर म्हणाली, "अब्बा, इकडे या ना माझ्याकडे." तर यांचं उत्तर, "कसा येऊ? अख्ख्या आळीची भांडी माझ्याकडं अडकल्यात. लोक म्हनतील, घेऊन पळाला."

सानिया हसली. महंमदभाईंना मात्र हसू येत नव्हतं. कारण भामाबाईंच्या रेणुकाचा साखरपुडा ठरला होता, येत्या रविवारी.

रेणुका लहानपणी गायकवाडांकडे कमी आणि तांबोळ्यांकडे जास्त असायची. चाँदबीच्या हातच्या शिरखुर्म्यातले काजू वेचून खायची आणि आळ सानियावर घालायची. तिच्या साखरपुड्याला नवऱ्याकडची माणसं शिरगावहून येणार आणि घरातलं सगळ्यात मोठं पातेलं महंमदभाईंच्या ओट्यावर पालथं पडलेलं. भामाबाई मागणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. त्या येता-जाता "बरं हाय ना, भाऊ?" एवढंच विचारायच्या.

शुक्रवारी ते साखर आणायला गेले, तेव्हा रतनशेठ बोलता बोलता म्हणाले, "गायकवाड मावशी मांडववाल्याचा नंबर घेऊन गेल्या. एक मोठं पातेलं भाड्यानं हवंय म्हणे."

महंमदभाई साखर तिथेच विसरून घरी आले. शेजारच्या घरात पातेलं असताना भाड्याचं पातेलं आळीत यायचं, ही गोष्ट कधी झाली नव्हती. आणि ती होणार होती त्यांच्यामुळे. रविवारी त्या भाड्याच्या पातेल्यातलं जेवायला कुठल्या तोंडाने बसायचं? आणि न बसावं, तर रेणुकाला काय सांगायचं? चाँदबी असती, तर आतापर्यंत दोन खेपा झाल्या असत्या. ती गेली आणि तिच्या मागे तिचं सगळं येणंजाणं आपल्या नालायकीने बुडालं, असं त्यांना वाटलं, आणि ते फार लागलं.

त्यांनी ठरवलं, वाटाण्याचा पुलाव करायचा. उद्या सकाळी, त्याच पातेल्यात. म्हणजे भरायचं वेगळं काम नको. ही युक्ती सुचल्यावर ते स्वतःवर इतके खूश झाले, की रात्री चांगली झोप लागली.

शनिवारी सकाळी टाकव्याहून आलेला नवा इंद्रायणी तांदूळ त्यांनी धुतला. घरभर वास सुटला. कांदा चिरताना रडून झालं, खडा मसाला तुपात टाकताना हात भाजून झाला. पाणी किती, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुलाव टाकताना चाँदबी तांदळावर बोट उभं धरायची आणि पेरभर वर येईल इतकं पाणी ओतायची. हे त्यांनी हजारदा पाहिलेलं. त्यांनी बोट उभं धरलं, पेरभर पाणी ओतलं, वर आणखी थोडं, कमी पडायला नको म्हणून. गॅस मोठा केला, झाकण ठेवलं आणि गादीवर मांडी घालून बसले, जशी सवय होती तशी.

करपल्याचा वास आला, तेव्हा ते साखरपुड्यात आपली कशी वाहवा होतेय, हे मनात बघत होते.

झाकण काढलं. वर खळ, खाली कोळसा. डाव उभा केला, तर तो तसाच उभा राहिला. महंमदभाईंनी पातेल्यात पाहिलं आणि नाइलाजाने एक घास तोंडात घातला. आयुष्यभर चव सांगणाऱ्या त्या जिभेला काय बोलावं, ते सुचेना.

आता भरलेलंही नाही आणि पातेलंही नाही. वरचा लगदा त्यांनी परातीत काढून झाकला. बुडाला जे धरलं होतं, ते घरच्या नळाला सुटेना. मग पातेलं डोक्यावर घेऊन ते मागच्या दाराने नदीवर गेले. मागच्या दाराने अशासाठी, की कुणी बघू नये. नदीवर शनिवारी सकाळी निम्मी आळी कपडे धूत असते, हे त्यांच्या लक्षात खाली पोचल्यावर आलं.

धोतराएवढा रुमाल कमरेला गुंडाळून, दगडावर उकिडवं बसून, राख आणि चिंच घेऊन महंमदभाई पातेलं घासू लागले. आजूबाजूला कपडे धोपटणं थांबलं. कुणी काही बोललं नाही. त्यापेक्षा बोलले असते तर बरं, असं त्यांना झालं. थोड्याच वेळात पाठीमागे चपला वाजल्या. भामाबाई पदर खोचून उभ्या होत्या.

"भाऊ, ह्ये काय करताय?"

"पातेलं देतोय तुमचं, वहिनी."

"नदीत?"

महंमदभाईंना खोटं सुचत नव्हतं. राखेने काळे झालेले हात तसेच धरून ते म्हणाले, "पुलाव केलता. भरून द्यायचं म्हनून. लागला बुडाला. आता रिकामं कसं देऊ, आन् भरलेलं तर द्यायच्या लायकीचं न्हाई. तुमी भाड्यानं आनू नका वहिनी. मी घासतो. दुपारपातुर लख्ख करतो. पर ते भाड्याचं आनू नका."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज चिरकला आणि त्याची त्यांना शरम वाटली. भामाबाई समोर बसल्या, पातेल्याची दुसरी कड धरली आणि राख घेतली. दोघांनी मिळून ते घासलं. सखाराम गायकवाडांचं नाव वर आलं, तसं भामाबाईंनी ते पदराने पुसलं.

"पुलाव कुटं हाय?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या वहिनी."

"कुटं हाय म्हनते मी."

परात पुढे आली. भामाबाईंनी झाकण उचललं, बोटाने थोडं घेतलं, डोळे मिटले. महंमदभाई दाराला टेकून उभे होते. परीक्षेला बसल्यासारखं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

"मीठ जरा कमी हाय," भामाबाई म्हणाल्या.

मग महंमदभाई हसायला लागले. इतके हसले की खाली बसले. भामाबाईंनाही हसू आवरेना.

"चाँदबी रोज सांगायची मला," त्या म्हणाल्या. "आज बी कमी म्हनले, उद्या बी म्हनतील. पानी किती घातलंत?"

"पेरभर. ती घालायची तेवढंच."

"बोट बघू."

त्यांनी बोट पुढे केलं. आयुष्यभर लोखंडी खटके ओढलेलं ते बोट. भामाबाईंनी शेजारी आपलं धरलं. त्यांचं पेर महंमदभाईंच्या पेराच्या निम्म्याहून थोडंच मोठं होतं.

"ह्ये बगा. तिचं माझ्याएवढंच व्हतं. तुमी दुप्पट पानी घातलंत. आन् तांदूळ नवा, त्याला तर आनखी कमी लागतं. तुमच्या बोटाला अर्धं पेर, ध्यानात ठेवा."

मग त्यांनी तो सगळा लगदा परातीतून पातेल्यात ओतला, कोथिंबीर आहे का विचारलं आणि पातेलं कमरेवर घेतलं. "ह्याचे वडे थापते उद्याला. शिरगावच्या मान्सांनी कदी खाल्ले नसतील."

"पर वहिनी, ह्ये भरलेलं धरायचं का?"

"भरलेलंच न्हवं? मंग झालं की." आणि दारातून वळून म्हणाल्या, "मांडववाल्याला फोन करून नगं म्हनते."

दुपारी महंमदभाई पडले होते. दार वाजलं. रेणुका आली होती, हातात कडीचा डबा. "चाचा, आईने दिलाय," म्हणाली आणि तो ठेवून गडबडीने गेली, कारण तिला मेंदी काढायची होती.

डबा ओळखीचा होता. त्यावर 'चाँदबी' कोरलेलं होतं. ईदचा शिरखुर्मा दरवर्षी याच डब्यातून गायकवाडांकडे जायचा आणि पौर्णिमेची खीर भरून डबा परत यायचा. यंदा पौर्णिमेला खीर आली, ती भामाबाईंच्या पातेलीतून. महंमदभाईंनी ती खाल्ली होती, चाटून खाल्ली होती, आणि तिला डबा का नाही, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. चाँदबीने शेवटचा भरून दिलेला डबा भामाबाईंच्याने परत करवला नव्हता. परत केला की तिच्याशी चाललेलं येणंजाणं संपलं असतं. इकडे ते भांडी अडवून बसले होते आणि तिकडे भामाबाई एकच डबा.

डब्यात नव्या तांदळाची खीर होती. डब्याचं झाकण मात्र नव्हतं. त्याऐवजी वर एक ताटली झाकलेली होती आणि तिच्या काठावर 'भामाबाई' असं कोरलेलं होतं.

झाकण भामाबाईंनी ठेवून घेतलं होतं आणि ताटली आता भरून परत द्यायची होती, हे महंमदभाईंच्या ध्यानात आलं. मग गादीवर मांडी घालून बसले आणि एक घास घेतला. डोळे मिटले. सवयीने तोंडातून निघून गेलं, "गोड जरा कमी हाय."

आत डाव वाजला नाही. ते थांबले, आणखी थोडं थांबले, आणि मग त्यांना रडू आलं. तिच्या मातीच्या दिवशी आलं नव्हतं इतकं आलं. त्यांनी ते येऊ दिलं आणि खीर संपवली.

मग उठून ताटली घासली. पिशवीतून थोडा तांदूळ काढून वाडग्यात घेतला, त्यात बोट उभं धरलं आणि अंगठ्याने पेराच्या मध्यावर खूण धरून हळूहळू पाणी ओतू लागले.